सोडून दिलेला मासा

एखाद्या मनुष्यानें गळानें मासा धरिला, त्याच्या तोंडांतील गळ हलक्या हातानें काढिला आणि त्याला जिवंत पाण्यांत सोडून दिलें, तर त्या मनुष्यानें कोणाचें काय बिघडविलें? त्याच्या टोपलींत कांहीं नाहीं, त्याच्या चुलीवर कांहीं शिजलें नाहीं, आणि मासा तर पोहत निघून गेला. प्रथमदर्शनीं ह्या प्रश्नास ‘कांहीं नाहीं’ ह्यावांचून दुसरें उत्तर सुचत नाहीं. तथापि एका मोठ्या देशाच्या एका प्रांतांत हेंच कृत्य वर्षाच्या ठराविक दिवसांत अपराध मानिलें जातें. आणि तो अपराध करणारे लोक पोटासाठीं चोरी करणारे नव्हेत, तर सुट्टीच्या दिवशीं करमणूक म्हणून पाण्यावर जाणारे आहेत. प्रश्न दूरदेशचा असला तरी तो आमच्या ओढ्याकांठींही येऊन उभा राहतो, म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करूं.

कॅनडा देशाच्या ऑन्टारिओ प्रांतांत गोड्या पाण्याचीं सरोवरें सुमारें अडीच लाख आहेत असें सांगतात. हिवाळ्यांत त्यांवर बर्फाचा जाड थर बसतो. तो एप्रिलांत वितळूं लागतो, आणि मे महिना आला म्हणजे शहरांतील लोक काठी, दोरी व गळ घेऊन लहान लहान होड्यांतून पाण्यावर जातात. गळानें मासे धरण्याच्या ह्या उद्योगास कोंकणांत गरवणें म्हणतात. परंतु कोंकणांतील मनुष्य गरवतो तो बहुधा कालवणासाठीं; तिकडील पुष्कळ लोक गरवतात ते खेळासाठीं. मासा धरावा, तोलावा, हातांत उंच धरून मोबाईलनें त्याचें छायाचित्र काढावें आणि सोडून द्यावें, असा त्यांचा क्रम.

ह्या लोकांचा आवडता मासा म्हणजे बास. नांव ऐकून वाचकांनीं हंसूं नये. ज्यांना ह्या माशाचा नाद लागतो त्यांच्या तोंडून आपला ‘बास’ हा शब्द मात्र लवकर निघत नाहीं. ह्याच्या दोन जाती तिकडे प्रसिद्ध आहेत, एक लहान तोंडाची व एक मोठ्या तोंडाची. वसंतांत पाणी सुमारें १५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलें कीं लहान तोंडाच्या बासाचा नर कांठाजवळच्या उथळ पाण्यांत येतो आणि शेपटीनें तळ झाडून वाळूगोट्यांत परातीसारखी एक खोलगट जागा तयार करितो. तेंच त्याचें घरटें. मादी येते, त्यांत हजारों अंडीं घालिते आणि निघून जाते. तेथून पुढें सारा संसार बापाच्या अंगावर पडतो. तो रात्रंदिवस घरट्यावर उभा राहतो. परांनीं पाणी हालवीत ठेवून अंड्यांवर गाळ बसूं देत नाहीं. भक्ष्याच्या शोधार्थ तो दूर जात नाहीं, आणि अंगचें मांस झिजवून दिवस काढितो. अंडीं फुटून पिलें पोहूं लागलीं तरी तो त्यांच्याभोंवतीं फिरत असतो. हें राखणें कित्येक आठवडे चालतें. शत्रु तर चोहोंकडे टपलेले असतात: सनफिश, रॉक बास, पर्च अशा नांवांचे लहान मासे, आणि क्रेफिश नांवाचा झिंग्यासारखा नांग्यांचा प्राणी. घरट्याजवळ जें जें येईल त्याच्यावर हा बाप धांवून जातो.

हें त्याचें मर्म गळ टाकणाऱ्यास ठाऊक असतें. स्वच्छ, उथळ पाण्यांत घरटीं होडींतून डोळ्यांना दिसतात. त्यांवर रबरासारख्या मऊ पदार्थाचा खोटा किडा किंवा खोटा मासा सोडला कीं नर तो तोंडांत धरितो. त्याला भूक लागली म्हणून नव्हे, तर शत्रु आंत शिरला म्हणून. ज्या माशाला भाद्रपदांतल्यासारख्या भर हंगामांत धरण्यास दिवसभर कसब लढवावें लागतें, तोच मासा ह्या दिवसांत पोरासोरांच्याही हातीं लागतो.

म्हणून ऑन्टारिओच्या पुष्कळ भागांत बास धरण्याचा हंगाम जून महिन्याच्या तिसऱ्या किंवा चवथ्या शनिवारीं सुरू होतो, आणि अंडींपिलें राखण्याच्या दिवसांत बंदी असते. विभागाविभागांत तारखा भिन्न आहेत, पण धोरण एकच. ही बंदी केवळ मासा घरीं नेण्याची नव्हे, हें ध्यानांत घ्यावें. ज्या माशाचा हंगाम बंद आहे तो धरण्याचा उद्योगच करूं नये, मग तो पुढें सोडून देण्याचा बेत असो वा नसो, असा तेथील नियम आहे. चुकून लागलाच तर तेथल्या तेथें सोडावा.

हा नियम मोडणारा मनुष्य धरला गेला म्हणजे त्याचीं उत्तरें ठरलेलीं असतात. एक, ‘मीं मासा मारिला नाहीं, सोडून दिला.’ दुसरें, ‘मी बास धरीतच नव्हतों, मी पाइक धरीत होतों, बास आपण होऊन आला.’ पाइक म्हणजे शिपाई नव्हे. तो एक लांब, दांताळ मासा आहे, आणि त्याचा हंगाम कित्येक ठिकाणीं बासाच्या आधीं खुला होतो. ह्या दोन उत्तरांत नीतिशास्त्राचे दोन मोठे प्रश्न दडलेले आहेत. पहिला, अपाय म्हणजे काय. दुसरा, हेतु कोणीं व कसा ओळखावा. पहिल्याकडे आधीं वळूं, कारण खरा गुंता तेथें आहे.

पाण्याखालीं काय घडतें हें पुष्कळ काळ कोणीं पाहिलें नव्हतें. किंग्स्टन शहरच्या क्वीन्स विद्यापीठाचें एक जीवशास्त्र-केंद्र ओपिनिकन सरोवराच्या कांठीं १९४५ पासून आहे. तेथें व आसपासच्या पाण्यांत शास्त्रज्ञांनीं पोहण्याचीं साधनें लावून घरट्यांवर पाळत ठेविली. डेव्हिड फिलिप व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दाखविलें कीं, धरून सोडून दिलेले नर घरटें कायमचें टाकून जाण्याचें प्रमाण न धरलेल्या नरांपेक्षां अधिक असतें. कारण उघड आहे. बाप वर ओढला गेला कीं टपलेले मासे थोड्याच मिनिटांत घरट्यावर उतरतात. तो जितका वेळ बाहेर, तितकीं अंडीं कमी. छायाचित्र काढण्यासाठीं लागणारा वेळही ह्यांतच धरावा. तो परत येतो तेव्हां दमलेला असतो व पूर्वीच्या त्वेषानें शत्रूंस हांकलूं शकत नाहीं. आणि फारच थोडीं अंडीं उरलीं असतील तर तो घरटें सोडून देतो. त्या देशांत उन्हाळा अल्प असतो. उशिरां जन्मलेलें पिलूं हिवाळ्यापूर्वीं पुरेसें वाढत नाहीं आणि बर्फाखालीं मरतें. म्हणून पुन्हां घरटें बांधूनही नुकसान नीट भरून निघत नाहीं.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती वाचून आम्हांस सर्वांत अधिक वाईट वाटलें. २००४ सालीं कोरी सुस्की व फिलिप ह्यांनीं दाखविलें कीं, ज्या नराच्या घरट्यांत पिलांची संख्या मोठी, तो अधिक जोरानें राखण करितो, आणि म्हणूनच गळास अधिक सहज लागतो. भित्रा, आळशी, घरट्याविषयीं उदास असलेला नर वांचतो. चांगला बाप धरला जातो.

आतां एक आपल्याकडची कल्पना करूं. ज्वारी हुरड्यास आली आहे. माळ्यावर एक पोर गोफण घेऊन उभा आहे. वाटेनें जाणाऱ्या एका मनुष्यास गंमत करावीशी वाटली, आणि तो ओरडला, “अरे पोरा, धांव! तुझ्या वासराला लांडग्यानें धरलें!” पोर माळ्यावरून उडी टाकून धांवला. इकडे पांखरांचा थवा शेतावर उतरला. अर्ध्या घटकेनें पोर धापा टाकीत परत आला तों कणसें रितीं झालेलीं. तो मनुष्य म्हणतो, “मीं तुझें एक ताट मोडलें नाहीं, एक दाणा तोंडांत टाकिला नाहीं, तुला हातही लाविला नाहीं. तूं गेलास तसाच परत आलास. मग माझ्यावर कां चिडतोस?” त्याच्या बोलण्यांतील प्रत्येक शब्द खरा आहे. पण शेताचा धनी ह्या उत्तरानें समाधान पावेल काय?

त्या मनुष्यानें दाणे नेले नाहींत, त्यानें राखण नेली. बासाचें तसेंच आहे. मासा सोडला हें खरें, पण जीं मिनिटें त्याच्या हातून हिरावून घेतलीं तीं सोडतां येत नाहींत, आणि त्या दिवसांत त्या माशाची खरी किंमत त्याच्या मांसांत नसून त्या मिनिटांतच आहे. आपल्या हातांत शेवटीं काय उरलें एवढेंच पाहून जो आपला हिशेब मिटवितो, त्याची वही अपुरी आहे.

ह्याहूनही एक खोल गोष्ट आम्हांस दिसते. सामान्यतः मासा गळास लागतो तो भुकेमुळें. आमिष दाखवून धरणें हा डाव आहेच, पण तो प्राण्याच्या लोभावर किंवा गरजेवर टाकलेला डाव आहे, आणि मनुष्य पहिल्यापासून तसा डाव टाकीत आला आहे. घरट्यावर टाकलेला गळ निराळा. तेथें माशाच्या इमानावर डाव टाकिलेला असतो. तो पिलांना सोडून पळाला असता तर सुटला असता. कोणी पंडित म्हणेल कीं मासा कर्तव्य जाणत नाहीं, तो स्वभावानें वागतो, त्याला इमान म्हणणें ही कवीची अतिशयोक्ति होय. असेल. पण मासा जाणत नसला तरी गळ टाकणारा जाणतो. तो घरटें पाहतो, राखणारा पाहतो, हा आतां हटणार नाहीं हें ओळखतो, आणि त्या ओळखण्याचाच उपयोग करून दोरी सोडितो. दोष माशाच्या समजुतीवर अवलंबून नाहीं. तो मनुष्याच्या समजुतीवर अवलंबून आहे.

असें राखणारा बाप पाहण्यास कॅनडांत जावें लागत नाहीं. तळ्यांत मरळीचीं लालसर पिलें थव्यानें पाण्याच्या वरच्या अंगास येऊन हवा घेतात, हें देशावरच्या व कोंकणांतल्या मुलांना चांगलें ठाऊक आहे. त्या लाल थव्याच्या खालीं मरळीची जोडी असते. राखण्याचा मोठा भार नरावर असतो. बेडूक गेला, बदकाचें पिलूं गेलें, तरी ती उसळून येते. आणि म्हणूनच, पिलें दिसलीं कीं गळाला बेडूक लावून नेमका त्या थव्यावर टाकावा, मरळ हमखास लागते, असें थोरली मुलें धाकट्यांना शिकवितात. येथें तर सोडून देण्याचीही बात नसते. जोडी गेल्यावर तो लाल थवा दुसऱ्या माशांच्या व बगळ्यांच्या स्वाधीन होतो. एका मरळीच्या कालवणासाठीं पुढल्या वर्षीं गांवाच्या वाट्यास येणाऱ्या किती मरळी गेल्या, हा हिशेब ज्या मुलास कोणीं समजावून दिला नाहीं त्याचा दोष थोडा; पण ज्या प्रौढाला तो समजला आहे त्याचें काय?

आतां हेतूचा प्रश्न. ‘मी पाइक धरीत होतों’ असें म्हणणाऱ्याच्या मनांत कोणीं शिरून पाहावें? अधिकाऱ्यास मन दिसत नाहीं. तो सामान पाहतो. पाइकाचे दांत इतके तीक्ष्ण असतात कीं साधी दोरी ते कापून टाकितात, म्हणून त्याच्यासाठीं गळाच्या वर पोलादी तार लावितात. ज्याच्या गळास तार नाहीं, ज्याचें आमिष लहान व मऊ आहे, ज्याची होडी घरट्यांच्या रांगेवरून सावकाश चालली आहे, आणि ज्यानें एकामागून एक पांच बास धरून सोडले, तो पाइक धरीत होता असें म्हणणें म्हणजे अंधारांत दुसऱ्याच्या कोठारांत सांपडलेल्यानें ‘मी माझी शेळी शोधीत होतों’ म्हणण्यासारखें आहे. परंतु असाही एखादा निघेल कीं जो मुद्दाम तार लावील, मोठें आमिष घेईल, आणि तरीही मनांत बासाचीच वाट पाहील. त्याला कोणताही अधिकारी दोषी ठरवूं शकणार नाहीं. कायद्याची हद्द तेथें संपते. त्या हद्दीपलीकडे तो मनुष्य व त्याचें अंतःकरण एवढेच दोघे उरतात, आणि बास लागतांच त्याला आनंद झाला कीं खेद, हें त्या दोघांपैकीं एकास नक्की माहीत असतें.

ह्या साऱ्या विचारावर एक बळकट आक्षेप आहे, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ऑन्टारिओच्या सरहद्दीला लागून अमेरिकेचें मिशिगन राज्य आहे. तेथें २०१५ पासून बास धरून तत्काळ सोडून देण्यास बाराही महिने मोकळीक आहे. मासा तोच, घरटें तसेंच, गळही तसाच. एका किनाऱ्यावर दंड आणि दुसऱ्यावर मुभा. मग पाप नकाशावरच्या रेघेनें ठरतें काय? शिवाय, कांहीं घरटीं उध्वस्त झाल्यानें साऱ्या सरोवरांतील माशांची संख्या खरोखर घटते कीं नाहीं, ह्याविषयीं शास्त्रज्ञांत एकमत नाहीं. कित्येकांचें म्हणणें असें कीं, उरलेल्या घरट्यांतील पिलांना अन्न व जागा अधिक मिळून तूट भरून निघते. कोणत्या वर्षीं किती पिलें जगतील हें ऋतुमानावर अधिक अवलंबून असतें.

आमच्या मतें येथें दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. राज्य सरोवराचा हिशेब ठेवितें. साऱ्या पाण्यांत मासे पुरेसे राहतात असें एका राज्याला वाटलें तर तें मुभा देईल. दुसरें अधिक सावध असेल तर बंदी करील. दोघांपैकीं कोणाचा अंदाज बरोबर हें काळ ठरवील. पण सरोवर भरलेलें राहिलें म्हणून त्या एका घरट्याचें काय झालें हा प्रश्न मिटत नाहीं. गांवांत धान्य मुबलक पिकलें म्हणून त्या माळ्यावरच्या पोराला फसविणें निर्दोष होत नाहीं. म्हणून मिशिगनांतील मनुष्य कायद्यानें निर्दोष असला तरी, घरटें डोळ्यांनीं पाहून त्यावर गळ टाकावा कीं नाहीं हा प्रश्न त्यालाही आहे, आणि तेथील कित्येक गळ टाकणारे आपण होऊन घरट्यांपासून दूर राहतात.

आणि ऑन्टारिओच्या मनुष्याला ह्यांत एका गोष्टीची भर पडते. त्याच्या शेजाऱ्यांनीं काठ्या घरांत टांगून ठेविल्या आहेत. त्यांनाही सरोवर दिसतें, त्यांचेही हात शिवशिवतात, पण तें जून महिन्याच्या त्या शनिवाराची वाट पाहत आहेत. बंदी मोडणाऱ्याचा खेळ चांगला होतो तो त्यांच्या संयमामुळें. सारेच त्याच्यासारखे वागले असते तर घरट्यांवर होड्यांची जत्रा भरली असती आणि त्याच्याही गळास फारसें कांहीं लागलें नसतें. म्हणजे तो सरकारचा नव्हे, शेजाऱ्यांचा ऋणी आहे, आणि तें ऋण तो मान्यही करीत नाहीं.

विणीच्या काळीं हात आवरावा ही कल्पना कांहीं आजच्या सरकारी कचेऱ्यांत जन्मली नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांत, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत, वाटेंत पक्ष्याचें कोटें आढळलें तर पिलांसुद्धां आईला धरूं नये, आईला जाऊं द्यावें, अशी आज्ञा आहे. आणि तीही रानांत भटकणाऱ्या, कधींकाळीं भुकेल्या लोकांना दिलेली. आपल्या देशांत अशोक राजानें आपल्या अभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षीं स्तंभावर लेख कोरविला. त्यांत गाभण व दुभत्या शेळ्या, मेंढ्या, डुकरिणी व त्यांचीं सहा महिन्यांच्या आंतलीं पिलें मारूं नयेत असें सांगून, नेमलेल्या दिवशीं मासे मारूं वा विकूं नयेत असेंही सांगितलें आहे. ते दिवस पर्वांचे होते, विणीचे नव्हते, एवढा भेद. इंग्लंडांत १२८५ सालच्या कायद्यानें हंबर, ट्रेंट इत्यादि नद्यांत ८ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर सामन मासा धरण्यास बंदी केली. पहिल्या अपराधास जाळें जाळून टाकावें, पुढल्यांस तुरुंग, अशी त्यांत शिक्षा होती. साडेसातशें वर्षांपूर्वींच्या इंग्रज कोळ्यालाही, तेव्हां, ‘एकानें काय होतें’ हें उत्तर सुचलेंच असेल.

परंतु येथें एका गोष्टीचा स्पष्ट निवाडा केला पाहिजे. नाहीं तर हा लेख गरिबाच्या पाठीवर चाबूक होईल. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडतो, ओढे लोटतात, आणि नदींतले मासे अंडीं घालण्यास प्रवाहाविरुद्ध वर चढून भातखाचरांपर्यंत येतात. कोंकणांत ह्यांना चढणीचे मासे म्हणतात. रायगडाकडे वलगणीचे मासेही म्हणतात. रात्रीं बत्त्या घेऊन सारा गांव बांधाबांधावर उतरतो. मासे गाभोळीनें भरलेले असतात, उथळ पाण्यांत पळूं शकत नाहींत, आणि काठीनेंही मारले जातात. हें कृत्य आणि ऑन्टारिओच्या हौशी मनुष्याचें कृत्य एकाच दोरींत बांधावें काय? त्या दिवसांत कातकऱ्याच्या घरांत काय असतें, हें ज्यानें पाहिलें आहे तो असें बांधणार नाहीं. कणगी रिती, वीटभट्टीचें काम संपलेलें, लावणीची मजुरी अजून सुरू व्हावयाची. त्याच्या पोरांच्या ताटांत पडलेला चढणीचा मासा हा खेळ नव्हे. पुढल्या वर्षींचा मासा आज खाल्ला हें त्यालाही कळतें. पण पुढलें वर्ष गांठण्यास आजची रात्र ओलांडावी लागते. त्याला उपदेश करण्यापूर्वीं त्याच्या घरीं दोन पायली तांदूळ पोंचविणें बरें.

तोच निवाडा किनाऱ्यावर. महाराष्ट्राच्या समुद्रांत १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. राज्याचा कायदा १९८१ सालचा आहे, आणि त्याच्याही आधीं नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रांत लोटावयाची नाहीं असा कोळ्यांचाच रिवाज होता. ह्या दोन महिन्यांत कोळ्याच्या घरीं मिळकत थांबते. सुक्या बोंबलांवर आणि उसनवारीवर दिवस निघतात. बंदी पाळण्याची खरी किंमत तो देतो. ऑन्टारिओच्या मनुष्याला काय द्यावें लागतें? पांचसहा आठवड्यांची करमणूक, आणि तीही पुरी नव्हे, कारण दुसरे मासे धरण्यास त्याला मोकळीक असतेच. ज्याला थोडें सोडावयाचें आहे त्यानें तें न सोडणें, हें ज्याला पुष्कळ सोडावें लागतें त्यानें कधीं चुकणें ह्याहून अधिक दोषास्पद आहे, असें आम्ही मानितों.

मात्र भुकेची ही सवलत भुकेल्यालाच आहे. शहरांतून मोटारींत येऊन, चढणीच्या ओढ्यांत विजेचा प्रवाह सोडून पोतीं भरून नेणारा, डोहांत सुरुंग उडविणारा, पाण्यांत विष कालविणारा, ह्यांनीं कातकऱ्याच्या आड लपूं नये. सुरुंग व विष हे तर आपल्या देशांत १८९७ सालच्या कायद्यापासून अपराध आहेत. आणि ज्याच्या घरीं भाकरी आहे, जो केवळ मौज म्हणून मरळीच्या लाल थव्यावर बेडूक टाकितो, त्याची जागा ऑन्टारिओच्या होडींतल्या मनुष्याशेजारीं आहे. किंबहुना एक पाऊल पुढें, कारण तो मनुष्य निदान मासा सोडून तरी देतो.

ज्या शिक्षकांच्या व उपदेशकांच्या गांवांत तळें आहे त्यांना हा विषय मुलांपुढें मांडणें कठीण नाहीं. पुस्तक नको, पावसाळ्यांत त्यांना कांठावर नेऊन तो लाल थवा दाखवावा, त्याच्यापासून हातभर अंतरावर एक काटकी टाकावी, आणि खालून काय वर येतें तें पाहूं द्यावें.

कोणी विचारील, खरोखरच चुकून लागला तर काय करावें? ऑन्टारिओंतील सावध लोक असें करितात. मासा शक्यतों पाण्याबाहेर काढीत नाहींत, छायाचित्राचा मोह धरीत नाहींत, गळ खोल गेला असेल तर ओढाओढ न करितां दोरीच कापून टाकितात, आणि मासा जेथें लागला तेथेंच सोडितात, म्हणजे त्याला घरटें शोधावें लागत नाहीं. मग होडी वल्हवून दुसरीकडे नेतात. कारण राखण्या परत येतो तो दमलेला असतो, आणि त्याच जागीं पुन्हां गळ पडला तर तो पुन्हां धांवून येतो.